‘प्रत्येक मुलगी’ म्हणजे नेमकं कोण?

मराठी साहित्य घेऊन बी.ए. झाले आणि भाषाविज्ञानाच्या एम.ए.ला प्रवेश घेतला. कवितेचा अर्थ, कथेचा अर्थ, पात्राच्या गप्प बसण्याचा अर्थ यांवर बोलायची सवय होती, म्हणून अर्थविचाराचा पेपर आपलाच आहे असं धरून चालले होते. पहिल्या तासाला मॅडमनी फळ्यावर दोनच शब्द लिहिले, ‘सीमा हसते’, आणि म्हणाल्या, “याचा अर्थ तुम्हाला कळतो, हे मला माहीत आहे. तो तयार कसा होतो, ते सांगा.”

कोणालाच सांगता येईना. सीमा ही एक व्यक्ती, हसणं ही एक क्रिया, इथवर ठीक. पण ‘सीमा’ आणि ‘हसणे’ असे दोन शब्द शेजारी ठेवले तर यादी होते. ‘सीमा हसते’ म्हटलं की त्यावर ‘हो, खरं आहे’ किंवा ‘छे, खोटं’ असं बोलता येतं. यादीला कोणी खरी-खोटी म्हणत नाही. मग यादीचं वाक्य नेमकं कुठे झालं? दोन शब्दांच्या मधे तिसरं असं काय आलं, जे दिसत नाही आणि ऐकूही येत नाही?

मग मॅडमनी दुसरं वाक्य सांगितलं: ‘काल रात्री सांगलीच्या बसस्थानकावर एका उंटाने माझ्या मावशीकडे छत्री मागितली.’ हे वाक्य आजवर कोणी उच्चारलं असण्याची शक्यता फार कमी. तरी ऐकताक्षणी ते आम्हा सगळ्यांना कळलं. मागणारा कोण, कोणाकडे, काय, कुठे, कधी, हे तर कळलंच. असं काही घडलेलं नसणार, हेही कळलं. पाठ असलेल्या वाक्यांच्या साठ्यातून हे निघालेलं नाही. शब्द मोजके, ते जोडायचे नियम त्याहून मोजके, आणि वाक्यं मात्र संपता संपत नाहीत. जर्मनीतल्या येना विद्यापीठात गणित शिकवणाऱ्या गोटलोब फ्रेगेने १९२३ साली छापलेल्या एका निबंधाची सुरुवात याच आश्चर्याने केली आहे: थोड्याशा ध्वनींतून भाषा अगणित विचार मांडते, अगदी पहिल्यांदाच कोणाच्या मनात आलेला विचारसुद्धा, आणि ऐकणाऱ्याला तो समजतो. आपण दिवसभर हेच करत असतो, आणि ते कसं घडतं हे मला सांगता येत नव्हतं. त्या दिवसापासून हा प्रश्न मला सोडेना.

पुढचे तास मराठीच्या प्रत्ययांवर गेले. ‘वाघाने माणसाला मारलं’ आणि ‘माणसाने वाघाला मारलं’. शब्द तेच, प्रत्यय तेच. फक्त कोणता प्रत्यय कोणाला लागला एवढाच फरक, आणि तेवढ्यात मेलेला बदलला. इंग्रजीत हे काम शब्दांचा क्रम करतो. मराठीत ‘माणसाला वाघाने मारलं’ असं फिरवून म्हटलं तरी जीव माणसाचाच जातो. मग मॅडमनी प्रत्ययही काढून घेतले: ‘मांजर उंदीर पकडतं’ आणि ‘मांजर उंदीर पकडतो’. दोन्ही नामं मोकळी, क्रम तोच. तरी पहिल्या वाक्यात पकडणारं मांजर आहे आणि दुसऱ्यात पकडणारा उंदीर. निवाडा क्रियापदाच्या शेवटच्या अक्षराने केला. मांजर नपुंसकलिंगी, उंदीर पुल्लिंगी. क्रियापद ज्याच्याशी जुळलं, तो कर्ता. दुसरं वाक्य ऐकून वर्ग हसला. पण हसण्याआधी ते सगळ्यांना कळलं होतं, आणि ते कळायला ‘तं’च्या जागी आलेला एक ‘तो’ पुरला होता.

आता भूतकाळ: ‘मांजराने उंदीर पकडला.’ क्रियापद एकाएकी उंदराच्या बाजूला गेलं. शाळेत मी कर्तरी, कर्मणी, भावे ही नावं पाठ केली होती, प्रश्नपत्रिकेत प्रयोग ओळखून गुण मिळवले होते. पण क्रियापद कर्त्याशी जुळेनासं झालं, की नेमका तेव्हाच कर्त्याच्या नामाला ‘ने’ लागतो, ही देवाणघेवाण मला पहिल्यांदा या वर्गात दिसली. कोणी केलं ही माहिती वाक्यातून हरवू द्यायची नाही. एकीकडून काढली तर दुसरीकडे ठेवायची. मोरो केशव दामले यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली प्रसिद्ध झालं. ग्रंथालयात ते पुन्हा उघडलं आणि प्रयोगांवरची पानं एका बैठकीत वाचली. ज्या पानांकडे मी नियमांची सूची म्हणून पाहत आले होते, तिथे एक माणूस जिवाच्या आकांताने विचारत होता, की अर्थ कुठे बसला आहे.

इथवर पायाखाली जमीन होती. खरा गोंधळ फ्रेगेपासून सुरू झाला. फ्रेगे म्हणतो, ‘हसते’ याचा अर्थ अपुरा असतो. त्यात एक रिकामी जागा असते. त्या जागी सीमा ठेवली की वाक्य पुरं होतं, आणि पुरं झालेलं वाक्य खरं किंवा खोटं ठरतं. गणितात ‘क्ष अधिक दोन’मध्ये क्षच्या जागी पाच ठेवले की सात मिळतात, तसंच ‘हसते’मध्ये सीमा ठेवली की ‘खरं’ मिळतं. १८९१च्या एका व्याख्यानात त्याने गणितातलं फल भाषेत असं आणून बसवलं. यादीचं वाक्य कुठे होतं, या प्रश्नाला हे पहिलं सरळ उत्तर मला मिळालं: दोन शब्दांच्या मधे तिसरं काहीच नसतं. दोहोंपैकी एकाचा अर्थच असा असतो, की तो दुसऱ्याची वाट पाहत असतो. ‘ओळखते’ दोघांची वाट पाहतं. आधी ‘राजूला ओळखते’ असा एक अपुरा अर्थ तयार होतो, मग त्यात सीमा येते. वाक्याची रचना कशी आहे, यावरून कोण कोणात कधी मिळणार हे ठरतं. व्याकरण इथे अर्थाची आज्ञावली होतं.

पण वाक्याचा अर्थ फक्त ‘खरं’ किंवा ‘खोटं’? मी विचारलं, “मॅडम, ‘गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावते’ आणि ‘शिवनेरी जुन्नरजवळ आहे’ ही दोन्ही वाक्यं खरी आहेत. मग त्यांचा अर्थ एकच म्हणायचा का?” त्या म्हणाल्या, “हाच प्रश्न घेऊन पुढे चल.” फ्रेगेलाही तो पडला होता. पहाटेचा तारा आणि संध्याकाळचा तारा दोन्ही शुक्रच. पण ‘पहाटेचा तारा हा पहाटेचा तारा आहे’ यात काही कळत नाही, आणि ‘पहाटेचा तारा हाच संध्याकाळचा तारा आहे’ यात आकाशाबद्दल काहीतरी नवं कळतं. म्हणून १८९२च्या निबंधात त्याने शब्द ज्याच्याकडे बोट दाखवतो ती वस्तू आणि ती वस्तू आपल्यासमोर येण्याची रीत, हे दोन वेगळे केले. पुढच्या शतकात ही गोष्ट अशी मांडली गेली, की वाक्याचा अर्थ कळणं म्हणजे जग कसं असलं तर ते खरं ठरेल आणि कसं असलं तर खोटं, हे कळणं. सीमा आत्ता हसते की नाही, हे मला माहीत नसेल. पण पाहायला गेले तर काय पाहायचं, ते मला माहीत असतं. हे समजल्यावर मी जरा स्थिरावले.

पुढच्या आठवड्यात फळ्यावर वाक्य आलं: ‘प्रत्येक मुलगी हसते.’

‘हसते’च्या रिकाम्या जागी सीमा ठेवता येते, मीना ठेवता येते. ‘प्रत्येक मुलगी’ कोणाला ठेवायचं? त्या नावाची कोणी नाही. सगळ्या मुलींचा घोळका ठेवावा, तर ‘प्रत्येक मुलीला एक भाऊ आहे’ यात त्या घोळक्याला भाऊ द्यावा लागेल. आणि ‘एकही मुलगी हसत नाही’ यात रिकाम्या जागी काय ठेवायचं? जी कोणी नाही, तिला? वाक्याची रचना ‘सीमा हसते’सारखीच दिसते, आणि अर्थाचा हिशेब लागत नाही. मी रात्री वहीत चौकोन काढून त्यात नावं लिहीत बसायचे आणि पानं फाडायचे. कवितेतली एखादी ओळ न कळणं मला ओळखीचं होतं. चार वर्षांच्या पोराला कळणारं वाक्य कळतं कसं, हे न कळणं फार वेगळं होतं. त्यात घाबरायला होत होतं.

उत्तर रिचर्ड मॉन्टेग्यूकडून आलं. हा कॅलिफोर्नियात शिकवणारा तर्कशास्त्रज्ञ; आल्फ्रेड टार्स्कीचा शिष्य. माणसांच्या भाषा आणि तर्कशास्त्रज्ञांनी बनवलेल्या कृत्रिम भाषा यांत तत्त्वतः मोठा फरक नाही, असं त्याने १९७० साली ठामपणे लिहिलं. १९७१ मध्ये चाळिशीतच त्याचा मृत्यू झाला, आणि ‘प्रत्येक’, ‘एक’ असल्या शब्दांची व्यवस्था लावणारा त्याचा निबंध १९७३ साली मृत्यूनंतर छापून आला. त्याने वाक्याची दिशाच फिरवली. ‘प्रत्येक मुलगी’ क्रियापदाच्या जागेत जाऊन बसत नाही. क्रियापद ‘प्रत्येक मुलगी’च्या जागेत येऊन बसतं. ‘प्रत्येक मुलगी’ हा अर्थच अपुरा असतो आणि तो समोरच्याला विचारतो: तू असा गुण आहेस का, जो एकूण एक मुलीत आहे? ‘हसते’ उत्तर देतं. ‘एकही मुलगी’ विचारते: तू कुठल्याच मुलीत नसलेला गुण आहेस का? कोणा अदृश्य व्यक्तीची गरज उरत नाही. हे लिहायला त्याने अलोन्झो चर्चने १९३०च्या दशकात घडवलेली लॅम्डा या ग्रीक अक्षराची लेखनपद्धती वापरली. त्या खुणा मला आधी परक्या वाटायच्या. पण प्रत्येक लॅम्डा म्हणजे ‘इथे जागा आहे’ एवढंच, हे उमगल्यावर ती वाक्यं मी मोठ्याने वाचायला लागले आणि ती मराठीतच वाचता येऊ लागली.

त्यानंतर छोट्या शब्दांचं मला वेडच लागलं. ‘बहुतेक मुली हसतात’ म्हणजे मुलींचा एक गट, हसणाऱ्यांचा दुसरा गट, आणि त्या दोहोंची तुलना: हसणाऱ्या मुली न हसणाऱ्या मुलींपेक्षा जास्त. एका विशेषणाएवढ्या शब्दात ही मोजणी भरलेली आहे. असे शब्द एक शिस्त पाळतात, असं जॉन बारवाइझ आणि रॉबिन कूपर यांनी १९८१ मध्ये मांडलं. ‘सगळ्या मुली हसतात’ हे तपासायला फक्त मुलींकडे पाहिलं की पुरतं. मुलं हसोत वा रडोत. ‘काही’, ‘बहुतेक’, ‘तीन’, ‘एकही नाही’ यांचंही तसंच. ‘फक्त’ मात्र ही शिस्त मोडतो: ‘फक्त मुली हसतात’ हे तपासायला मुलांकडे पाहावं लागतं. आणि मग दिसतं, की ‘फक्त’ मुळात त्या कुळातलाच नाही. तो ‘फक्त काल’, ‘फक्त हसली’ असा कशाच्याही पुढे उभा राहतो. आपला ‘च’सुद्धा असाच. ‘सीमाच आली’ म्हणजे बाकी कोणी नाही; ‘सीमा आलीच’ म्हणजे ती येणार की नाही अशी शंका होती, ती मिटली. एक अक्षर एका शब्दावरून दुसऱ्यावर सरकलं, आणि वाक्य ज्या पर्यायांना नाकारतं तेच बदलले.

क्रमाचा प्रश्न तर याहून खोल निघाला. ‘सगळी मुलं आली नाहीत.’ एकही आलं नाही, की काही आली आणि काही नाही? दोन्ही अर्थ होतात. आधी ‘सगळी’ आणि मग ‘नाही’ असं बांधलं तर वर्ग रिकामा. आधी ‘नाही’ आणि मग ‘सगळी’ असं बांधलं तर वर्ग अर्धवट भरलेला. शब्द तेच, त्यांचा क्रम तोच, आणि आत बांधणी दोन प्रकारची. बोलताना आपण ‘सगळी’वर जोर देऊन निवड करतो, लिहिताना तेवढंही हातात नसतं. ‘प्रत्येक विद्यार्थ्याने एक पुस्तक वाचलं’ यातही एकच पुस्तक सगळ्यांनी, की ज्याने त्याने वेगळं, हे उघडं राहतं. इथे मराठी एक सुंदर सोय करते: ‘प्रत्येकाने एकेक पुस्तक वाचलं.’ संख्या दोनदा उच्चारली, आणि वाटणी झाली. ज्याचं पुस्तक त्याच्याकडे. ‘दोन-दोन पोळ्या वाढ’ म्हणणाऱ्या कोणालाही ही सोय कधी शिकवलेली नसते.

सर्वनामांनी तर मला शेवटचा धक्का दिला. ‘सीमाने मीनाला आपली पिशवी दिली’ यात पिशवी सीमाची. ‘तिची पिशवी’ म्हटलं की ती मीनाची किंवा आणखी कोणाची असू शकते. म्हणजे ‘आपली’ला मालक शोधायची मुभा नाही, व्याकरण त्याला थेट कर्त्याकडे पाठवतं. पण ‘प्रत्येक मुलीने आपली पिशवी उचलली’ यात ‘आपली’ कोणाकडे बोट दाखवतं? कोणाकडेच नाही. ती पुन्हा एक रिकामी जागा आहे, ‘प्रत्येक’च्या दोरीला बांधलेली, मुली बदलत जातात तशी ती भरत जाते. गणितातला चल आपण घरात दिवसभर उच्चारत असतो.

विशेषणांकडे वळल्यावर शब्दार्थांची बेरीज करायची माझी जुनी कल्पना पार संपली. लाल साडी लाल असते आणि साडी असते. लहान हत्ती मात्र लहान नसतो, हत्तींमध्ये लहान असतो. खोटी नोट नोट नसते. माजी सरपंच सरपंच नसतो. म्हणजे ‘खोटा’ आणि ‘माजी’ नामाच्या अर्थात काही मिसळत नाहीत; तो अर्थ हातात घेऊन त्याचं दुसरंच काहीतरी करून देतात. आणि ‘त्याने हात टेकले’ यात तर भागांवरून अर्थ निघतच नाही. तो वाक्प्रचार शब्दासारखा अख्खाच साठवलेला असतो. तरी ‘टेकले’ला भूतकाळ लागतो आणि ‘त्या’ला ‘ने’. आतला अर्थ गोठलेला, बाहेरचं व्याकरण चालू.

या सगळ्यात माझा गोंधळ काही पाश्चात्त्यांनी दिलेला नव्हता, हे मला अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’ने दाखवलं. सतराव्या शतकातलं हे नव्यांचं पाठ्यपुस्तक. यशवंत वासुदेव आठल्ये यांनी टीपांसह सिद्ध केलेली त्याची आवृत्ती १८९७ साली मुंबई संस्कृत मालेत निघाली. वाक्यातून ज्ञान व्हायला तीन गोष्टी लागतात, असं त्यात सांगितलं आहे. आकांक्षा: गाय, घोडा, पुरुष, हत्ती एवढंच म्हटलं तर काही बोध होत नाही, कारण कोणताच शब्द दुसऱ्याची अपेक्षा करत नाही. योग्यता: विस्तवाने शिंपावं म्हटलं तर अर्थ जुळत नाही. संनिधी: ‘गाय’ आता म्हटलं आणि ‘आण’ प्रहराने म्हटलं तर वाक्य होत नाही. पहिल्या तासाला अडलेला माझा प्रश्न, यादीचं वाक्य कधी होतं, तिथे पहिल्याच उदाहरणात होता, आणि फ्रेगेच्या रिकाम्या जागेच्या जवळ जाणारं उत्तरही.

त्याच्याही मागे मीमांसकांचा, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या पंडितांच्या दोन पक्षांचा, वाद आहे. लहान मूल पाहतं, की एक वडीलधारा ‘गाय आण’ म्हणतो आणि दुसरा गाय आणतो. मग ‘गाय बांध’, मग ‘घोडा आण’. शब्द येतात-जातात तसं काय बदललं, यावरून मूल एकेका शब्दाचा अर्थ वेगळा काढतं. हे दोन्ही पक्षांना मान्य. यावरून प्रभाकर म्हणतो, की शब्द शिकला गेला तोच जोडलेल्या अवस्थेत, म्हणून शब्द जोडलेलाच अर्थ सांगतो. कुमारिल भट्ट म्हणतो, की शब्द आधी आपापला अर्थ सांगतात आणि मग त्या अर्थांचा अन्वय होतो. भर्तृहरी ‘वाक्यपदीया’त त्याहून पुढे जातो: वाक्य अखंडच असतं, शब्द आपण विश्लेषणासाठी मागाहून तोडतो. गंमत अशी, की फ्रेगेमध्ये यातल्या दोन बाजू एकत्र नांदतात. शब्दाचा अर्थ वाक्याबाहेर विचारू नये, असं त्याने १८८४ साली लिहिलं. आणि विचार भागांतून बांधला जातो, हेही त्याचंच. वाद इथेच थांबत नाही. ‘सीमा पोहे करते’ या वाक्यात मुख्य काय, यावर नैयायिक, म्हणजे अन्नंभट्टाच्या परंपरेतले तर्कशास्त्री, ‘करणारी सीमा’ म्हणतात, तर वैयाकरण ‘सीमा जिची कर्ती ती क्रिया’ म्हणतात. काशीत राहून वैयाकरणांची ही बाजू लढवणारे नागेशभट्ट मूळचे महाराष्ट्रीय, काळे आडनावाचे.

मी अजून नवखी आहे. शब्दाकडून वाक्याकडे जावं की वाक्याकडून शब्दाकडे, यावर माझं मत रोज बदलतं. पण एका गोष्टीबद्दल मी पक्की झाले आहे. आपण शाळेत व्याकरण शुद्ध-अशुद्धाच्या धाकाने शिकवतो, जणू ते बोलणाऱ्यावर बाहेरून घातलेलं बंधन आहे. त्यामुळे मुलं त्याला घाबरतात आणि मोठी झाली की विसरतात. प्रत्यक्षात अर्थाचा निम्मा भार ‘ने’, ‘ला’, ‘च’, ‘नाही’, ‘एकेक’ आणि क्रियापदाचा शेवट यांच्यावर असतो, आणि शाळेचं तोंड न पाहिलेली व्यक्तीसुद्धा तो अचूक पेलते. प्रमाण बोलीत असो वा कुठल्याही बोलीत, ही बांधणी तितकीच काटेकोर असते. ज्याला आपण गावंढळ म्हणून हसतो, त्याच्या वाक्यातही ‘प्रत्येक’ आणि ‘नाही’ आपापल्या जागा सांभाळून असतात.

म्हणून मला वाटतं, सातवीच्या वर्गात फळ्यावर ‘सगळी मुलं आली नाहीत’ एवढंच लिहावं आणि विचारावं, की वर्गात काय दिसलं तर हे खरं? मुलं दोन तट पाडून भांडतील. त्यांना भांडू द्यावं. मग कोणीतरी म्हणेल, की दोघांचंही बरोबर आहे, आणि का ते विचारेल. प्रयोगांची नावं त्यानंतर सांगता येतील. तोवर ती नावं कशाला लागतात, हे मुलांना कळलेलं असेल.